नावाला शिमानो: पार्टच्या पाठीवरचा नंबर वाचायचा कसा अन आधी काय बदलायचं

"शिमानो गिअर हायेत साहेब." साताऱ्यात ज्या ज्या दुकानात गिअरची सायकल बघायला गेलो तिथं हे वाक्य ऐकलंय, आणि गंमत अशी की ते खोटं नसतं. शिमानो ही सायकलीचे पार्ट बनवणारी जपानी कंपनी, दहा-बारा हजाराच्या सायकलीला शिमानो अन दोन-तीन लाखाच्या सायकलीलाही शिमानोच. फरक असा की स्वस्त सायकलीत बरेचदा मागचा डिरेलर, म्हणजे चेनला ह्या चकतीवरून त्या चकतीवर ढकलणारा तो लोंबता पार्ट, तेवढाच शिमानोचा असतो आणि क्रँक (पायडलचा दांडा), हब (चाकाचा मधला भाग), चेन, ब्रेक सगळं कुणाचंतरी बिननावाचं. स्टिकर मात्र बरोबर नजरेत भरेल अशा जागी.

हे लिहायचं कारण माझाच गाढवपणा. सायकल यवतेश्वरच्या घाटात दम काढायची, चेन मधेच उडायची, तर मी ठरवलं की मागची चकत्यांची चळत बदलून टाकू, ऑनलाइन बघून झकास आठ स्पीडची, म्हणजे आठ चकत्यांची, कॅसेट मागवली, आली, ती घेऊन राजवाड्यामागच्या गल्लीतल्या आमच्या मिस्त्रीकाकांकडं गेलो. काकांनी ती हातात घेतली, माझ्या चाकाकडं बघितलं अन हसले. "दादा, ह्याला खाचा लागत्यात, तुमच्या चाकाला आटे हायेत. ही बसायची न्हाई." पैसे परत मिळाले पण पंधरा दिवस गेले त्यात. म्हणून सांगतो, काहीही घ्यायच्या आधी आपल्या चाकाला आटे आहेत की खाचा ते बघा. कळायला अवघड नाही. मागचं चाक काढा, चकत्यांच्या मधोमध जिथं पाना बसतो तिथं बोटभर जागेत पान्याच्या खाचा दिसतील (ह्या दोन्ही प्रकारांत असतात), आता चकत्या हाताने उलट्या फिरवा. त्या खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर तुमच्याकडं कॅसेट आहे, म्हणजे खाचांवर बसणारी चळत, आणि चकत्या फिरताहेत पण मधलं जागच्या जागी तर ते फ्रीव्हील, म्हणजे आट्यांवर बसणारं. संपलं.

आता हे दोन प्रकार आले कुठून ते थोडं ऐका, कारण शिमानोची सगळी गोष्टच फ्रीव्हीलपासून सुरू होते. १९२१ साली जपानच्या साकाई गावात शोझाबुरो शिमानो नावाच्या माणसानं लोखंडी कामाचा छोटा कारखाना टाकला. साकाई म्हणजे ओसाकाच्या शेजारचं गाव, सोळाव्या शतकापासून तोड्याच्या बंदुका बनवणारं, चाकूसुऱ्यांसाठी अजून नाव असलेलं. अशा गावात लोखंड घडवणारे, नळ्या ओढणारे हात आधीच होते, पुढं सायकल आली तसे तेच हात सायकलीच्या पार्टवर बसले. (इंग्लंडातही तसंच, बीएसए म्हणजे मुळात बर्मिंगहॅमची बंदुकांची कंपनी, आणि आपल्या सायकलींच्या पेडलखालच्या कपांना अजून त्यांच्याच आट्यांचं माप चालतं.) शिमानोंनी पहिला माल काढला तो फ्रीव्हील. सायकलीतला सगळ्यात किचकट पार्ट तोच, आत बारीक छर्रे, स्प्रिंग, कुत्री म्हणजे ते एका बाजूलाच अडणारे दात, आणि हे सगळं माणसाच्या वजनाखाली वर्षानुवर्षं चाललं पाहिजे. उतारावर पाय थांबवले की टिकटिकटिक येतं ना, ती ही कुत्री.

मग पुढं हब, १९५७ ला तीन स्पीडचं हबच्या आत लपलेलं गिअर, साठच्या दशकात धातू लाल न करता गारच दाबून घडवायचं तंत्र, १९७० पासून मासेमारीच्या रीळसुद्धा, आणि १९७३ ला रेसवाल्यांसाठी ड्युरा-एस. हे सगळं पटकन सांगितलं कारण आपल्या कामाचं वर्ष पुढचं आहे, १९७८. जुन्या पद्धतीत फ्रीव्हील हबच्या आट्यांवर फिरवून बसवायचं, त्यामुळं उजव्या बाजूचा छर्रा-कोन, म्हणजे एक्सलला आधार देणारं बेअरिंग, फ्रीव्हीलच्या अलीकडं, हबच्या आत राहतो अन तिथून पुढं एक्सलचा बराच भाग आधाराशिवाय लोंबतो. चकत्या पाच होत्या तोवर चाललं, सात झाल्या की जड माणूस, खड्डा, कॅरियरवर पोतं, एक्सल वाकतो किंवा मोडतोच. शिमानोनं टिकटिक करणारा भाग हबलाच जोडून टाकला, त्याला फ्रीहब म्हणतात, आणि उजवीकडचा छर्रा पार बाहेर टोकाला नेला. चकत्या वेगळ्या, खाचांवर सरकवून बसवायच्या, ती कॅसेट. तर काका म्हणाले ती खाच ही १९७८ ची, अन माझे आटे त्याच्याही आधीच्या जमान्यातले.

आता पाना ठेवा बाजूला अन मोबाईलचा टॉर्च घ्या. डिरेलरच्या पाठीमागं, चाकाकडच्या बाजूला, बारीक अक्षरात नंबर असतो. चिखल पुसा आधी. माझ्यावर होता आरडी-टीवाय३००. ह्यातलं आरडी म्हणजे मागचा डिरेलर. पुढचा असेल तर एफडी, हॅण्डलवरचा शिफ्टर, म्हणजे गिअर बदलायचा खटका, एसएल, शिफ्टर अन ब्रेक एकत्र असेल तर एसटी, क्रँक एफसी, फ्रीव्हील एमएफ, कॅसेट सीएस, चेन सीएन, ब्रेक बीआर, पुढचं हब एचबी आणि फ्रीहबवालं मागचं हब एफएच. हे पाठ करायची गरज नाही, पण दुकानात "एमएफ आहे का सीएस" एवढं विचारलं तरी समोरचा सरळ बसतो.

डॅशच्या पुढचं अक्षर घराणं सांगतं. टीवाय म्हणजे टूर्नी, सगळ्यात खालची पायरी, सहा-सात स्पीड. एम म्हणजे डोंगरातली: एम३१० अल्टस, एम३१०० अलिव्हिओ, एम६१०० डिओरे, एम७१०० एसएलएक्स, एम८१०० एक्सटी, एम९१०० एक्सटीआर. आर म्हणजे रोड: आर२००० क्लॅरिस, आर३००० सोरा, आर७००० वनओफाइव्ह, आर८००० अल्टेग्रा, आर९१०० ड्युरा-एस. मधे एक टियाग्रा आहे तिला नुसतंच ४७००, अक्षर नाही, का ते शिमानोलाच ठाऊक. आणि यू असेल तर ते क्यूज, २०२३ ला आणलेलं नवीन घराणं. आकडा मोठा तशी पायरी वरची, पण हे एकाच घराण्यात अन एकाच पिढीत खरं.

जसजसं वर जाल तसं वजन कमी होतं, चकत्या वाढतात, बेअरिंग बरी होतात, गिअर हलका पडतो. टिकाऊपणा मात्र त्या हिशोबानं वाढत नाही! बारा स्पीडची चेन पातळ असते, कॅसेट महाग असते, आणि पावसाळ्यात कासच्या रस्त्यावरचा लाल चिखल काही पायरी बघून चेनमध्ये शिरत नाही. माझं मत विचाराल तर साताऱ्यात रोज पोवई नाका ते एमआयडीसी अन रविवारी घाट एवढंच करायचं असेल तर आठ किंवा नऊ स्पीड, कॅसेटवालं, बस्स. त्याच्या वरचे पैसे हौसेचे, हौसेला मोल नाही हे मान्य, पण मग गरज म्हणून सांगू नका घरी.

आता खरी मेख. पार्ट एकमेकांना कधी जुळतात? १९८४ च्या आधी गिअर टाकणं म्हणजे हार्मोनियमचा सूर शोधल्यासारखं होतं, लिव्हर थोडा ओढायचा, खरखर थांबेपर्यंत मागंपुढं करायचं. १९८४ ला ड्युरा-एसमधे एसआयएस आलं, एक टक् म्हणजे केबल ठरावीक मिलिमीटर ओढली जाणार अन चेन बरोब्बर शेजारच्या चकतीवर. ह्यातला एक मोठा भाग, डिरेलरचा तो तिरका चौकोन जो चकत्यांच्या उतारासोबत सरकतो, तो खरं म्हणजे सनटूर नावानं माल विकणाऱ्या ओसाकाच्याच माएदा कंपनीचा, १९६४ चा, त्यांचं पेटंट संपलं आणि शिमानोनं तो घेतला. पण केबल, शिफ्टर, चेन, चकत्या सगळं एकमेकांसाठी मापून बनवायची अक्कल शिमानोची. १९८८ ला अँडी हॅम्पस्टन नावाचा अमेरिकन जिरो द इटालिया ही इटलीची मोठी सायकल शर्यत जिंकला, गाविया खिंडीत भर बर्फात, त्याच्या सायकलीला हेच टक् टक् गिअर होते, त्यानंतर युरोपात शिमानोला हसणारे गप्प झाले. १९९० ला गिअर ब्रेकच्या लिव्हरमधेच आले, २००९ ला वायर अन मोटरचे.

ह्या मापाच्या गणितामुळं सगळं सगळ्याला चालत नाही. साधारण असं धरा: शिमानोचे सात, आठ, नऊ स्पीडचे मागचे डिरेलर केबल सारखीच ओढून घेतात, रोडचे असोत की डोंगरातले, त्यामुळं ह्यांच्यात अदलाबदल चालते, फक्त शिफ्टर चकत्यांच्या संख्येचाच पाहिजे. डोंगरवाल्या दहा स्पीडपासून माप बदललं. टियाग्रा ४७०० दहाच स्पीड आहे पण तिचं माप अकरावाल्या रोडचं, जुन्या दहाशी जमत नाही. क्यूज तर ह्यातल्या कुणाशीच नाही. कॅसेटचं विचाराल तर आठ-नऊ-दहा तिन्ही एकाच फ्रीहबवर बसतात, सातचीही बसते पण मागं साडेचार मिलिमीटरची रिंग टाकायची, नाहीतर हलते.

बरं, आता माझी चेन उडत होती त्याचं काय? इथं बहुतेक लोक (मी धरून) नवा डिरेलर घ्यायला धावतात. दुखणं म्हशीला अन इंजेक्शन पखालीला. काकांनी शाळेतली फूटपट्टी काढली, बारा इंची, स्टीलची, एका पिनच्या मधोमध शून्य धरलं, चेन जरा ताणली. नव्या चेनला बारा इंचावर बरोबर पिन येते, कारण दोन पिनांतलं अंतर अर्धा इंच, २४ वेळा अर्धा म्हणजे बारा. माझी पिन बाराच्या पुढं गेलेली, जवळजवळ तीन मिलिमीटर. हिशोब असा की दीड मिलिमीटर पुढं गेली की चेन बदलायची, तेवढ्यावर बदलली तर चकत्या वाचतात. तीनपर्यंत गेली तर त्या लांबलेल्या चेननं चकत्यांचे दात स्वतःच्या मापाचे झिजवलेले असतात, नुसती नवी चेन टाकली तर ती त्या दातांवर बसतच नाही, जोर दिला की उडते. म्हणजे दोन्ही बदला. दोन महिन्यांतून एकदा पट्टी लावा, अर्धा मिनिटाचं काम आहे.

तर मला फ्रीव्हील बदलायचंच होतं. जुनं होतं १४ ते २८ दातांचं. टूर्नीच्याच पायरीत सात स्पीडचं १४ ते ३४ मिळतं, मेगारेंज म्हणतात, त्यात शेवटून दुसरी चकती २४ ची अन शेवटची एकदम ३४ ची, म्हणजे पायरी नव्हे उडीच. पण घाटात तीच कामाची. हिशोब बघा, माझी पुढची सगळ्यात लहान चकती २४ ची अन चाक २६ इंची, एका फेऱ्यात साधारण दोन मीटर सात सेंटीमीटर. मागं २८ असताना एका पायडलीत सायकल पावणेदोन मीटर जायची, ३४ वर दीडलाही थोडी कमी. आपली जुनी काळी सायकल, पुढं ४४ अन मागं १८ धरली तर एका पायडलीत पाच मीटरच्या वर जाते, म्हणून तर घाटात ती हातात धरून न्यावी लागायची. दूधवाले ज्या मांड्यांवर ती चढवत त्या मांड्या आता मिळत नाहीत. डिरेलर ३४ झेपणारा आहे का हे मात्र नंबरवरून तपासायचं, टीवाय३०० ला ३४ चालतं.

फ्रीव्हील काढायचं कसं. जुन्या फ्रीव्हीलला बाहेर दोन खोबण्या असतात, नव्याला आत बारा खाचा. ह्याचा पाना अन कॅसेट जागेवर धरणाऱ्या लॉकरिंगचा पाना दिसायला जुळे भाऊ, पण मापात उन्नीस-बीस फरक आहे, ठोकून बसवू नका. एक्सलचा नट काढा, पाना खाचांत घाला, आणि नट परत हलकासा वरून लावा म्हणजे पाना निसटून दात खाणार नाही. ही गोष्ट यूट्यूबवर सांगतात पण लोक करत नाहीत आणि मग खाचा गोल झाल्या की रडतात. आता गंमत अशी की फ्रीव्हील हे पायडल मारून मारून स्वतःच आवळत जातं, प्रत्येक घाट त्याला थोडं अजून घट्ट करतो, त्यामुळं हातातल्या पान्यानं ते सुटत नाही. काकांनी पाना व्हाइसमधे, म्हणजे टेबलाच्या शिकंजात, धरला, चाक त्यावर आडवं घातलं, फ्रीव्हील खाली, अन दोन्ही हातांनी रिम धरून एसटीच्या ड्रायव्हरसारखं घड्याळाच्या उलट दिशेला वळवलं. एकदा, काही नाही. दुसऱ्यांदा मला म्हणाले तुम्ही पलीकडनं धरा. मग एकदम कट्ट! असा आवाज आला, मला वाटलं हबच फुटलं. "सुटलं," काका म्हणाले, अन लगेच नट सैल केला, कारण सुटल्यावरही तसंच फिरवत राहिलो तर नटच अडवतो.

चाक हातात आल्यावर एक्सल बोटानं फिरवून बघितला, टोक गोल गोल नाचत होतं. वाकलेला. वर सांगितलं ना, आट्यांचा हब अन लोंबता एक्सल, ते हे. एक्सल फार महाग नसतो, छर्रे कोन तपासून, ग्रीस भरून तो बदलला. आटे रॉकेलनं पुसायचे, ग्रीस लावायचं, नवं फ्रीव्हील हातानेच फिरवत बसवायचं. आटे बारीक असतात, वाकडं चढलं तर अॅल्युमिनियमचा हब कायमचा गेला, त्यामुळं अडलं की थांबा, उलटं फिरवा, पुन्हा लावा. पान्यानं आवळायची गरज नाही, पहिल्या चढाला आपोआप आवळतं.

चेनची लांबी: डिरेलरमधून न नेता पुढची सगळ्यात मोठी अन मागची सगळ्यात मोठी चकती ह्यांवरून गुंडाळायची, जुळते तिथून दोन कड्या जास्त ठेवायच्या. जुन्या चेनएवढीच तोडली तर ३४ साठी आखूड पडेल.

शेवटी गिअर लावणं. आधी मागून बघा की डिरेलर ज्यावर लटकतोय ती पट्टी सरळ आहे का, सायकल उजव्या बाजूला पडली असेल तर ती वाकते आणि मग कितीही पिळा, जमत नाही. मग दोन स्क्रू, एच आणि एल. एच म्हणजे लहान चकतीकडची हद्द, एल म्हणजे मोठीकडची. एल चुकला तर चेन तारांमधे जाते, डिरेलर मोडतो, तारा तुटतात, म्हणून हा आधी अन नीट. हद्दी झाल्या की केबल जिथं डिरेलरमधे शिरते तिथला गोल नट: टक् केल्यावर मोठ्या चकतीवर जायला चेन कां-कूं करत असेल तर नट घड्याळाच्या उलट पाव फेरा, लहानीवर यायला कां-कूं करत असेल तर सुलट पाव फेरा. पाव म्हणजे पावच. आणि केबल जर आवरणात गंजली असेल तर हे सगळं फुकट, केबल अन आवरण बदला, नवा शिफ्टर घ्यायच्या निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात.

जुनी सायकल घेणारांसाठी एक राहिलं. बऱ्याच शिमानो पार्टवर दोन अक्षरांचा कोड असतो, पहिलं अक्षर वर्ष अन दुसरं महिना. २००२ म्हणजे ए, तिथून मोजत या, २०१२ म्हणजे के, २०१९ म्हणजे आर. महिना ए जानेवारी ते एल डिसेंबर. हे हौस म्हणून सांगत नाही. २०२३ च्या सप्टेंबरमधे शिमानोनं ड्युरा-एस अन अल्टेग्राच्या अकरा स्पीडच्या काही क्रँक तपासणीसाठी परत बोलावल्या, आतून पोकळ, दोन भाग चिकटवून केलेल्या, ते भाग सुटायला लागले होते. नंबर एफसी-६८००, एफसी-९०००, एफसी-आर८०००, एफसी-आर९१०० आणि पॉवर मीटरवाली आर९१००-पी, जून २०१२ ते जून २०१९ मधल्या, म्हणजे कोड केएफ ते आरएफ. नुसत्या अमेरिका-कॅनडात साडेसात लाखांवर. पुण्या-मुंबईहून सेकंडहँड रोडबाइक आणताय तर क्रँकची पाठ पुसून वाचा, हे कोड निघाले तर क्रँक तपासून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. टूर्नीवाल्यांना ह्याची चिंता नाही, आपली क्रँक भरीव, वजनाला भारी.

माझं जुनं फ्रीव्हील काकांनी परत दिलं नाही. "आतले छर्रे चांगले हायेत, कामाला येत्यात," म्हणाले, अन डब्यात टाकलं.